सरळ माणसांची इंग्रजी (आणि एक कललेला दगड)

पाटीपेन्सिल | शनिवार, रात्री ११:१२

इथे वेस्ट यॉर्कशायरमध्ये आमच्या घरामागे एक जुनं चर्च आहे. कुत्र्याला फिरवायला रोज त्याच्या आवारातून जातो. आवार म्हणजे दफनभूमीच, दगडांवरची निम्मी अक्षरं शेवाळाने गिळलेली. परवा पाऊस पडून गेल्यावर तिरपं ऊन आलं आणि एरवी न दिसणारी एक ओळ उठून दिसली. साल १७८०च्या पुढचं काहीतरी, वर नाव आणि खाली 'ॲन अपराइट मॅन'. दगड मात्र चांगला वीतभर पुढे कललेला.

कुत्रा ओढत होता तरी थांबलो. शाळेत अपराइट म्हणजे 'सचोटीचा' असं पाठ केलं होतं. शब्द फोडला तर आत फक्त 'वर' आणि 'सरळ' एवढंच निघतं. खांब अपराइट असतो, पियानोही असतो. मग माणूस ताठ उभा राहिला की सज्जन कसा झाला?

घरी येऊन कोश उघडले आणि रात्र गेली. 'राइट'चा मूळ अर्थच सरळ, न वाकलेला. लॅटिनमधला 'रेक्टस' आणि आपला 'ऋजु' ही त्याचीच भावंडं. 'रायचस' हा बायबलात पावलोपावली येणारा शब्द जुन्या इंग्रजीत 'रिख्तवीस' असा होता, म्हणजे सरळ रीतीचा. 'लाइकवाइज', 'अदरवाइज'मध्ये जो 'वाइज' आहे, तोच हा. १६व्या शतकात लोकांना त्याचं शेपूट 'बाउंटियस'सारखं वाटायला लागलं आणि त्यांनी ते तसं लिहून टाकलं. थोडक्यात, धार्मिकतेचा मुख्य शब्दच चुकीच्या स्पेलिंगवर उभा आहे.

आता उलट बाजू. 'राँग' हा शब्द इंग्रजांच्या घरचा नाही, तो व्हायकिंगांच्या नॉर्स भाषेतून आला. मूळ अर्थ वाकडा, मुरडलेला. कपडे पिळतात त्या 'रिंग'चा तो जवळचा नातेवाईक. म्हणजे राँग म्हणजे पिळलेलं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तो हाच पीळ म्हणायला हरकत नाही. मजा म्हणजे 'लॉ' हा शब्दही नॉर्समधूनच आला, 'खाली मांडून ठेवलेलं' या अर्थाने. मी राहतो हा सगळा टापू तेव्हा डेन लोकांच्या अमलाखाली होता. त्यांनी इंग्रजांना चूकही दिली आणि कायदाही.

प्रश्न असा: सरळ म्हणजे चांगला आणि वाकडा म्हणजे वाईट, हे आपल्याकडेही आहेच. सरळमार्गी, नाकासमोर चालणारा, वाकडं पाऊल, वाकड्यात शिरणं. हे आपलं जुनं आहे की मिशनऱ्यांच्या भाषांतरांबरोबर आलं? आणि जुन्या इंग्रजीतले असे आणखी शब्द कुणाला ठाऊक असतील तर इथे टाका.

जुनीबाडं | शनिवार, रात्री ११:५०

मिशनऱ्यांना एवढं श्रेय नको. गीतेच्या तेराव्या अध्यायात 'क्षान्तिरार्जवम्' आहे. आर्जव म्हणजे ऋजूपणा, सरळपणा, आणि ज्ञानेश्वरीत त्यावर सविस्तर विवेचन आहे. जुन्या मराठीत 'उजू' हा शब्द सरळ, नीट या अर्थाने सर्रास येतो, आणि आपला 'उजवा' हात त्याच घरातला.

पण आर्जवाचं पुढे काय झालं बघा. आज 'आर्जव करणे' म्हणजे गयावया करणं. ताठ कण्याचा शब्द वाकून हात जोडायला लागला. इंग्रजीला हसण्याआधी आपलं अंगण झाडून घेऊ.

ओळंबा | रविवार, सकाळी ७:०५

मी भाषेतला माणूस नाही, साइटवरचा आहे. पण हा धागा वाचून राहवलं नाही.

तुम्ही 'सरळ' म्हणताय, त्यात दोन वेगवेगळी सरळ आहेत. एक आडवी, म्हणजे दोरी धरून मारलेली रेघ. दुसरी उभी, ओळंब्यात असलेली, म्हणजे दोरीला वजन टांगून बघतात तशी. रस्ता पहिल्या अर्थाने सरळ असतो, भिंत दुसऱ्या. अपराइट हा भिंतीचा शब्द आहे. वाकडा रस्ता लांबचा पडतो, पण पोचवतो. वाकडी भिंत पडते, आणि शेजाऱ्यावर पडते. त्यामुळे दोन्हीतला दोष सारखा नाही.

इंग्रजीत ही हत्यारं भरलेली आहेत. 'रूल' म्हणजे लॅटिनमधली सरळ पट्टी. 'नॉर्म' हा सुताराचा गुण्या, काटकोन बघायचा. त्या गुण्याच्या बाहेर गेलेलं ते 'एनॉर्मस'. हल्ली त्याचा अर्थ नुसता प्रचंड असा झालाय, पण 'एनॉर्मिटी' म्हणजे घोर दुष्कृत्य हा जुना अर्थ अजून टिकून आहे. 'स्क्वेअर डीलिंग' म्हणजे चोख व्यवहार, 'फेअर अँड स्क्वेअर' आपण ऐकतोच. फ्रीमेसन मंडळींनी गुण्या आणि कंपास ही खूणच करून घेतली.

आणि ज्याच्या नावाने मी इथे लिहितो तो ओळंबा खुद्द बायबलात आहे. आमोस नावाच्या संदेष्ट्याला देव भिंतीपाशी ओळंबा धरून उभा दिसतो आणि म्हणतो, माझ्या लोकांमध्ये मी ओळंबा लावणार. आमचे ख्रिस्ती मिस्त्री हे वचन नव्या पोराला पहिल्या दिवशी सांगायचे.

चहाबिस्किट | रविवार, सकाळी ८:३०

वा, सुंदर धागा. वाचनखूण साठवली.

नानाकाका | रविवार, सकाळी ९:१५

माझ्याकडून एक. 'सिन्सिअर' शब्दाची कथा: रोममधले लबाड शिल्पकार संगमरवराला तडा गेला की त्यात मेण भरत. प्रामाणिक शिल्पकार दुकानावर पाटी लावत 'सिने सेरा', म्हणजे मेणाशिवाय. त्यावरून सिन्सिअर!! किती अर्थपूर्ण ना?

खडूस | रविवार, सकाळी ९:२२

काका, ही कथा मेणाचीच आहे. लॅटिनमध्ये 'सिन्सेरुस' हा अख्खा शब्द होता, स्वच्छ, निर्भेळ या अर्थाचा. मध आणि दारूबद्दलही वापरत. 'सेरुस' या भागाचा संबंध बहुधा 'वाढणं' या धातूशी, म्हणजे एकाच वाणाचं वाढलेलं, भेसळ नसलेलं. संगमरवर आणि पाटी नंतर कुणीतरी जोडली.

प्रामाणिकपणावरची सगळ्यात लोकप्रिय व्युत्पत्ती खोटी निघावी, हे मला मात्र फार आवडतं.

नानाकाका | रविवार, सकाळी ९:४०

असेल बाबा. ग्रुपवर तर प्राध्यापकांनी पाठवली होती.

वकीलबाई | रविवार, दुपारी १:१०

पाटीपेन्सिल, तुमच्या पिळात आमचाही एक धागा घ्या. दिवाणी कायद्यात ज्याला 'टॉर्ट' म्हणतात, तो नॉर्मन फ्रेंचमधून आलेला लॅटिन शब्द. अर्थ पिळलेलं. 'टॉर्चर' त्याचाच सख्खा भाऊ. म्हणजे अँग्लो-सॅक्सन 'राइट'च्या समोर व्हायकिंगांचं पिळलेलंही आहे आणि नॉर्मनांचं पिळलेलंही. ज्यूरीसाठी 'गुड मेन अँड ट्रू' म्हणत. तिथला 'ट्रू' म्हणजे खरं बोलणारा एवढंच नाही, भरवशाचा, निष्ठावंत. सुतारकामात फळी वाकली की 'आउट ऑफ ट्रू' गेली म्हणतात, ते ओळंबा सांगतीलच.

खरी गंमत 'कॉन्व्हर्सेशन'ची. आज गप्पा, पूर्वी वागणूक. १६११च्या किंग जेम्स या इंग्रजी बायबलात पौल फिलिप्पैकरांना लिहितो की तुमचं कॉन्व्हर्सेशन शुभवर्तमानाला साजेसं असू द्या. नुसतं गोड बोला असं त्याला सांगायचं नाहीये. वाईट वागणुकीसाठी मग इंग्लंडच्या कोर्टात एक खास दावा होता, 'क्रिमिनल कॉन्व्हर्सेशन'. नाव फौजदारी, दावा दिवाणी. बायकोशी संबंध ठेवणाऱ्यावर नवरा नुकसानभरपाई मागायचा. जिच्यावरून सगळं चाले ती बाई त्या दाव्यात पक्षकारच नसायची. १८५७च्या कायद्याने तो बंद झाला. तोवर वृत्तपत्रं 'क्रिम कॉन' असं लाडकं नाव देऊन बातम्या छापत आणि लोक मिटक्या मारत वाचत.

मास्तर (निवृत्त) | रविवार, संध्याकाळी ६:४५

किंग जेम्सचा विषय निघालाच आहे तर. मी तीस वर्षं इंग्रजी शिकवलं आणि मुलांना हमखास हसवणारं एक वचन होतं. यिर्मयाच्या पुस्तकात अंजिरांच्या दोन टोपल्या येतात. एकीत चांगली अंजिरं, दुसरीत 'व्हेरी नॉटी फिग्ज'. वर्ग फुटायचा. नॉटी अंजीर म्हणजे काय, मागच्या बाकावर बसणारं?

'नॉट' म्हणजे शून्य. ज्याच्याकडे काही नाही तो नॉटी, पुढे ज्यात काही राम नाही ते नॉटी, आणि तिथून थेट दुष्ट. शेक्सपिअरची पोर्शिया दूरच्या मेणबत्तीचा उजेड पाहून म्हणते की या नॉटी जगात सत्कृत्य असंच चमकतं. ती खोडकर जगाबद्दल बोलत नाहीये. आज तो शब्द फक्त पोरांना आणि चावट विनोदांना उरला.

तिथलाच 'फ्रोवर्ड' बघा. 'टुवर्ड'च्या उलट, पाठ फिरवून उलट्या दिशेला चालणारा, हट्टी. तो मेला, 'अनटुवर्ड' राहिला.

आणि 'स्ट्रेट अँड नॅरो'. सरळ आणि अरुंद वाटेने चाला, असं आपण समजतो. मूळ वचनात 'स्ट्रेट' वेगळाच आहे, जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीचा, अर्थ चिंचोळा. दार चिंचोळं आणि वाट अरुंद, एवढंच सांगितलंय. सरळ असल्याचा तिथे उल्लेख नाही. उच्चार एकच, म्हणून लोकांनी चिंचोळ्याचं सरळ करून घेतलं. अपराइटवाल्यांची सवय, दुसरं काय.

मराठी बायबलात 'रायचस'ला 'नीतिमान' आहे. नीती म्हणजे 'नी' धातू, नेणं. त्यामुळे इंग्रजीतला ताठ उभा माणूस मराठीत चालायला लागला. मला मराठी जास्त पटते.

रोखठोक | रविवार, रात्री ९:०५

सगळं छान चाललंय, पण एक कळत नाही. गुण्या, ओळंबा, सरळ रेघ, जणू सज्जनपणा मोजायचं हत्यार सगळ्यांना सारखंच लागत होतं. हत्यार कुणाच्या हातात होतं?

'व्हिलन' घ्या. व्हिला म्हणजे जमीनदाराची वाडी, तिथे राबणारा तो व्हिलन. गुन्हा काय, तर शेतात काम करतो. 'नेव्ह' म्हणजे मुलगा, मग पोऱ्या, मग लबाड. जर्मनमध्ये 'क्नाबे' अजून नुसता मुलगाच आहे. 'चर्ल' म्हणजे साधा रयत माणूस, पुढे उद्धट, रांगडा. 'ल्यूड' तर कहर. तो पाद्री नसलेला सामान्य माणूस, म्हणून अडाणी, म्हणून हलका, आणि शेवटी बीभत्स कामुक. हे शब्द लिहिणारे कोण होते ते यावरून कळतं, लिहिता येणारे पाद्री.

समोरच्या बाजूला 'जेंटल', 'नोबल', 'फ्री', 'फ्रँक'. सगळे जन्माचे शब्द, आणि सगळे सद्गुण होऊन बसले. सी. एस. लुईसने याला दर्जाच्या शब्दांचं नैतिकीकरण अशा अर्थाचं नाव दिलंय.

आपण काही वेगळे नाही. घरंदाज, कुलीन, खानदानी एकीकडे, हलकट दुसरीकडे. 'ग्राम्य' म्हणजे गावचा, आणि ग्राम्य विनोद म्हणजे अश्लील विनोद. व्हिलनची सख्खी मराठी बहीण.

पाटीपेन्सिल | रविवार, रात्री १०:२०

रोखठोक, मान्य, पण अर्धंच. दर्जाचे शब्द घसरले आणि चढले, हे खरं. पण गवंड्याचे शब्द जागेवर राहिले ना? 'राइट' हजार वर्षांपूर्वीही सरळ होता आणि आजही बरोबरच आहे. जन्मावरून दिलेलं विशेषण टिकत नाही, मापावरून दिलेलं टिकतं, असं काही दिसतंय का?

रोखठोक | रविवार, रात्री १०:३५

तुमचं 'अपराइट' किती जागेवर होतं ते बघा मग. १५६६च्या सुमारास टॉमस हार्मन नावाच्या केंटमधल्या जमीनदाराने भटक्या, भामट्या लोकांवर पुस्तक लिहिलं. त्यांच्या जाती, त्यांची चोरभाषा, सगळं. त्यात वरून दुसऱ्या क्रमांकाचा भामटा कोण माहितीय? 'अपराइट मॅन'! हातात काठी घेऊन फिरणारा, बाकीच्या भिकाऱ्या-चोरांवर हुकमत चालवणारा, त्यांच्या कमाईतला वाटा घेणारा. आपल्या भाषेत सांगायचं तर टोळीचा दादा.

म्हणजे तुमच्या दगडाखाली कोण झोपलंय, सांगता येत नाही :)

पाटीपेन्सिल | रविवार, रात्री १०:४१

हाहा! हे ठाऊक नव्हतं. शब्द मागे घेतो, निदान अर्धा.

कैरीचं_पन्हं | सोमवार, सकाळी ११:००

बायकांकडे कुणी बघणारच नाही का? 'ऑनेस्ट' शब्द काढा की. पुरुष ऑनेस्ट म्हणजे इमानी, खरं बोलणारा. बाई ऑनेस्ट म्हणजे शीलवती. एवढंच. ती चोरी करत असेल, खोटं बोलत असेल, त्याच्याशी शब्दाला देणंघेणं नाही. लग्नाआधीचे संबंध असलेल्या मुलीशी लग्न केलं की 'तिला ऑनेस्ट वूमन बनवलं' असं म्हणत. म्हणजे तिची सचोटीही नवऱ्याने आणून द्यायची.

शेक्सपिअरचं 'ऑथेल्लो' याच खिळ्यावर टांगलंय. समीक्षक विल्यम एम्प्सनने मोजलंय, त्या नाटकात ऑनेस्ट आणि ऑनेस्टी मिळून ५२ वेळा येतात. कपटी इयागो सगळ्यांच्या तोंडी 'ऑनेस्ट इयागो'. डेस्डेमोना ऑनेस्ट आहे की नाही, यावर तिचा जीव जातो. ऑथेल्लो म्हणतो, वाटतं बायको ऑनेस्ट आहे आणि वाटतं की नाही. शब्द तोच. इयागोसाठी तो प्रशस्तिपत्र, तिच्यासाठी फास. देवलांनी त्याचं 'झुंझारराव' केलं. त्या दोघांना पुरेल असा एकच शब्द मराठीत कुठून काढायचा? प्रामाणिक आणि पतिव्रता हे आपल्याकडे दोन वेगळे कप्पे. हो, 'चारित्र्य' आहे. पुरुषाचं चारित्र्य पुस्तकात छापतात, बाईचं कोर्टात निघतं.

आणि 'हसी' म्हणजे उठवळ बाई, हा शब्द कुठून आला असेल? 'हाउसवाइफ'. घर सांभाळणारी. बास, आणखी काही म्हणत नाही.

वकीलबाई | सोमवार, दुपारी १२:१५

+१००

निमपाला | सोमवार, दुपारी ३:३०

वैद्यकीतली एक भर. कैरीचं_पन्हं यांच्या प्रतिसादानंतर 'व्हर्च्यू' आठवला, कारण तोही पुरुषी शब्द. लॅटिन 'विर' म्हणजे पुरुष, आपला वीर. 'विर्टुस' म्हणजे मर्दपणा. इंग्रजीत मात्र जुना अर्थ चांगुलपणाच्या बरोबरीने 'अंगची शक्ती' असाही. चॉसर 'कँटरबरी टेल्स'च्या अगदी सुरुवातीलाच पावसाच्या ज्या व्हर्च्यूने फूल उमलतं त्याबद्दल बोलतो. किंग जेम्समध्ये रक्तस्रावाने त्रासलेली बाई येशूच्या वस्त्राला हात लावते, तेव्हा त्याला जाणवतं की अंगातून 'व्हर्च्यू' बाहेर गेला. सद्गुण नाही गेला, शक्ती गेली. वनस्पतींचेही व्हर्च्यू सांगत, अमक्या पाल्याचा व्हर्च्यू ताप उतरवण्याचा.

आता आयुर्वेद. द्रव्याचा रस, वीर्य, विपाक. सुंठीचं वीर्य उष्ण, वाळ्याचं शीत. त्या वीरापासून निघालेला शब्द दोन्हीकडे औषधाची ताकद सांगायला गेला. कुणी कुणाची नक्कल केली नाही, दोन्ही जागी आपापलं झालं. मला तरी हे रोमांचक वाटतं. पेशंटना सांगून पाहिलं, त्यांना नाही वाटत.

मास्तर (निवृत्त) | सोमवार, संध्याकाळी ७:००

पोस्टला दाद. चांगल्या शब्दाचं वाटोळं झालेला आणखी एक लगेच टाकतो. 'सिली' म्हणजे जुन्या इंग्रजीत धन्य, सुखी. मग निष्पाप, मग बिचारा, मग खुळा. आपल्या 'भोळा'चा प्रवास साधारण तसाच, फक्त आपण अजून शिवाला भोळा म्हणतो म्हणून त्याची अब्रू शिल्लक आहे. 'नाइस' उलट्या वाटेने गेला. लॅटिनमध्ये अडाणी, इंग्रजीत आधी मूर्ख, मग चोखंदळ, आता छान.

आणि 'कँडिड'. १८१३च्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मध्ये एलिझाबेथ बहिणीला म्हणते, तुझ्यासारखं कँडिड कुणी नाही, तू प्रत्येकाचं चांगलं तेवढंच घेतेस आणि वाइटाबद्दल बोलतच नाहीस. तेव्हा कँडर म्हणजे दुसऱ्याबद्दल उदार मत. आज कुणी 'टु बी कँडिड' म्हणालं की आपण खुर्ची मागे सरकवतो.

रोखठोक | सोमवार, संध्याकाळी ७:२५

स्पष्टच सांगतो, हा शेवटचा टोला मला होता का मास्तर? :)

चहाबिस्किट | सोमवार, रात्री ९:५०

पाटीपेन्सिल, दगडावर पुढे काय होतं? तो माणूस कोण होता?

पाटीपेन्सिल | पुढचा रविवार, दुपारी २:०५

तेच बघायला आज पुन्हा गेलो. बरोबर पाण्याची बाटली नेली, ओल्या दगडावर अक्षरं बरी दिसतात. 'क्लोदिअर' लिहिलंय, म्हणजे विणकरांकडून कापड करवून घेऊन विकणारा. या भागात तेव्हा लोकरीचाच धंदा होता. त्याच्या खाली बायको. तिच्या नावापुढे 'रेलिक्ट ऑफ द अबव्ह', वरच्याची मागे उरलेली. विधवेसाठी जुन्या दगडांवर हा शब्द नेहमी दिसतो. ती त्याच्यानंतर एकोणीस वर्षं जगली.

तिच्यासाठीही विशेषण असावं, कारण ओळ पुढे चालू आहे. पण दगड जमिनीत रुतलाय आणि नेमकी ती ओळ मातीखाली आहे. मी बोटाने थोडी माती काढली, तर आवार सांभाळणाऱ्या आजोबांनी लांबूनच हटकलं. उकरायचं नसतं म्हणे, परवानगी लागते.

कैरीचं_पन्हं | पुढचा रविवार, दुपारी २:३०

ऑनेस्ट असणार. किंवा व्हर्च्युअस. परवानगी काढा आणि सांगा.

ओळंबा | पुढचा रविवार, दुपारी ४:१०

दगड पुढे कललाय म्हणालात ना? मग त्याचा पाया पुढच्या बाजूला खचलाय, दरवर्षी तो आणखी थोडा रुतणार आणि एक ओळ आणखी जाणार. पुढच्या वेळी दोरीला किल्ली बांधून दगडाच्या वरच्या कडेवरून सोडा आणि तळाशी अंतर मोजून इथे लिहा. वीतभर हे माप नव्हे.

पाटीपेन्सिल | पुढचा रविवार, दुपारी ४:१८

मोजतो. किल्ली माझी, दोरी कुत्र्याची.